कान वाजतो म्हणून ताट रिकामे करू नका

मागच्या महिन्यात या सदराकडे आलेल्या टपालात वहीच्या रेघी कागदावर लिहिलेले एक चार पानी पत्र होते. लिहिणाऱ्या भगिनी बदलापूर बाजूला राहतात. नाव छापू नका अशी त्यांची विनंती आहे, ती आम्ही पाळतो. पत्रातील मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देतो.

"सप्रेम जयभीम. मुलीचे पप्पा सव्वीस वर्षे पत्र्याच्या कारखान्यात प्रेस मशिनवर होते. गेल्या पावसाळ्यापासून त्यांच्या दोन्ही कानांत रातकिडे ओरडल्यासारखा आवाज येतो. दिवसा कमी, रात्री जास्त. कोणी सांगितले चहा बंद करा, बंद केला. कोणी सांगितले मीठ सोडा, तर अळणी जेवू लागले. शेजारचे काका म्हणाले डाळ, वांगे, बटाटा वातूळ, ते बंद. मग अंडी आणि सुकट उष्ण म्हणून बंद. आता भाकरी, भात आणि दुधीची भाजी एवढेच खातात. वजन नऊ किलो उतरले. जिना चढताना धाप लागते. वर ओळखीतल्या एकाने आणून दिलेल्या परदेशी गोळ्या चालू आहेत, महिन्याला चौदाशे रुपये. मुलीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे त्यात चालले. आवाज होता तेवढाच आहे. आता म्हणतात, भातही बंद करून बघतो. तर नेमके काय बंद करायचे ते एकदा आपल्या पेपरात लिहा, म्हणजे आमच्या घरातला वाद मिटेल."

पत्र वाचून आम्ही जरा वेळ गप्पच बसलो. कारण यातले निम्मे आम्ही स्वतः करून चुकलो आहोत. छापखान्यात यंत्राशेजारी आमची चौदा वर्षे गेली. २०१६ सालापासून आमच्या उजव्या कानात कुकरची शिटी लांबून ऐकू यावी तसा बारीक आवाज आहे. हे वाक्य लिहितानाही तो आहे. पहिल्या वर्षी आम्हीही जो भेटेल त्याला उपाय विचारत होतो आणि जो जे सांगेल ते सोडत होतो. म्हणून या भगिनीला उत्तर देताना आम्ही डॉक्टर नसलो तरी परके नाही.

उत्तर आधी एका वाक्यात सांगतो. बंद करायच्या पदार्थांची यादी आम्ही देणार नाही, कारण सर्वांना लागू पडेल अशी यादी अस्तित्वात नाही. आता असे का, ते सविस्तर पाहू.

कान का वाजतो?

बाहेर कसलाही आवाज नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणे याला डॉक्टर टिनिटस म्हणतात. आपल्याकडे 'कान वाजतात' म्हणतात. आयुर्वेदात याला कर्णनाद असे नाव आहे. म्हणजे हा काही आजकालचा रोग नव्हे. कोणाला शिटी ऐकू येते, कोणाला रातकिडे, कोणाला गिरणीची घरघर. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार जगात ७४ कोटींहून अधिक प्रौढ माणसांना हा अनुभव येतो आणि त्यांतील सुमारे १२ कोटी माणसांना त्याचा त्रास गंभीर स्वरूपाचा असतो. तेव्हा आपणच एकटे असे कोणी समजू नये.

आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा वळणदार भाग असतो. त्यात प्रत्येक कानात पंधरा हजारांच्या आसपास अतिशय सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. वयोमानाने, आणि त्याहीपेक्षा वर्षानुवर्षे मोठ्या आवाजात काम केल्याने, या पेशी मरतात. डोक्याचे केस गेले तर निदान कलप-टोपी तरी आहे. माणसाच्या कानातली केसपेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही.

मग मेंदूकडे येणारे संदेश कमी पडतात. जुना रेडिओ आठवा. स्टेशन नीट लागत नसले की आपण बटण फिरवून आवाज वाढवायचो आणि गाण्याऐवजी खरखरच मोठी व्हायची. मेंदू तेच करतो. ऐकू येईना म्हणून तो आपले बटण वाढवतो आणि त्याची स्वतःचीच खरखर आपल्याला ऐकू येऊ लागते. ही खरखर थोडीफार प्रत्येकात असते. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगले ऐकू येणाऱ्या ८० माणसांना बाहेरचा आवाज आत येणार नाही अशा खोलीत बसवले. काही मिनिटांत त्यांतील ९४ टक्के माणसांना कसला ना कसला आवाज ऐकू आला. रात्री चाळ शांत झाली की या भगिनीच्या यजमानांचे रातकिडे का वाढतात, त्याचे उत्तर यातच आहे. रात्री किडे वाढत नाहीत. बाकीचे आवाज कमी होतात.

प्रेस मशिनवर सव्वीस वर्षे, यंत्रमागावर तीस वर्षे, बॉयलरच्या दुकानात, दगडाच्या खाणीवर, छापखान्यात. आमच्या वाचकांच्या घराघरांतून असे कान आहेत. दिवसाचे आठ तास ८५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज कानाला धोक्याचा मानला जातो. यंत्रमागाच्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते, तिथे तो त्याहून अधिकच असतो. तेव्हा कान कशाने वाजू लागला हे शोधताना आधी कामाच्या जागेकडे बघावे, कढईकडे नंतर.

मग अन्नाचा काहीच संबंध नाही का?

आहे, पण लोक समजतात तसा नाही. एकेक पाहू.

पहिला चहा. कान वाजला की पहिली कुऱ्हाड बिचाऱ्या चहावर पडते. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कान वाजणाऱ्या ६६ माणसांना काही दिवस कॅफीन दिले, काही दिवस त्यांच्या नकळत बंद केले. कॅफीन म्हणजे चहा-कॉफीतला तरतरी आणणारा घटक. बंद केल्याने आवाज कमी झाला नाही. उलट सवय तुटल्यामुळे डोकेदुखी, मळमळ असा त्रास मात्र झाला. अमेरिकेत ६५ हजारांहून अधिक परिचारिका भगिनींची १८ वर्षांची माहिती तपासून २०१४ साली असे आढळले की, ज्या जास्त कॅफीन घेत होत्या त्यांच्यात कान वाजण्याचे प्रमाण जास्त नव्हते, कमीच होते. याचा अर्थ चहा हे औषध आहे असा नव्हे. पण तो गुन्हेगारही नाही.

आम्ही स्वतः चाळीस दिवस चहा सोडला होता. पहिला आठवडा डोके ठणकत होते, घरातल्यांवर ओरडत होतो, आणि त्या चिडचिडीत शिटी दुप्पट वाटत होती. आम्ही काढलेला निष्कर्ष असा की, विष बाहेर पडते आहे! चाळीस दिवसांनी शिटी होती तिथेच होती. एक पथ्य मात्र खरे आहे. संध्याकाळनंतर चहा नको. त्याने झोप उडते, आणि झोप उडाली की कान वाजतो.

दुसरे मीठ. मेनिअर नावाचा कानाचा एक वेगळा आजार आहे. त्यात गरगर चक्कर येते, कान भरल्यासारखा वाटतो, ऐकू कमी येते आणि कान वाजतो. या आजारात मीठ कमी करा असे डॉक्टर बरीच वर्षे सांगत आले आहेत. मात्र २०१८ साली जगभरचे प्रयोग तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने शोध घेतला तेव्हा मीठ, कॅफीन व दारू कमी केल्याने या आजारात फरक पडतो का, हे नीट तपासणारा एकही प्रयोग सापडला नाही. रक्तदाबासाठी मात्र मीठ कमी हवेच. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, यापेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या घरात लोणचे, पापड, खारी सुकी मासळी आणि पाकिटातले फरसाण यांतूनच ते ओलांडले जाते. म्हणून मीठ कमी करा. अळणी जेवून शिक्षा भोगू नका.

तिसरी डाळ, वांगे, बटाटा आणि अंडी-सुकट. यांनी कान वाजतो असे दाखवणारा कोणताही भरवशाचा पुरावा नाही. याउलट २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या, तीन लाखांवर माणसांच्या माहितीच्या आढाव्यात फळे, तंतुमय पदार्थ, दूधदुभते आणि कॅफीन घेणाऱ्यांत कान वाजण्याचे प्रमाण कमी दिसले. ही निरीक्षणे आहेत, फळे खाल्ल्याने कान बरा होतो असे त्यातून सिद्ध होत नाही. पण खाणे सोडल्याने कान सुधारतो, याला तर त्यात काडीचाही आधार नाही.

शिवाय यात एक धोका आहे, आणि तो या पत्रातल्या घराला लागू आहे. नसा धडधाकट राहण्यासाठी बी १२ हे जीवनसत्त्व लागते. ते अंडी, मासे, मटण आणि दुधातून मिळते. डाळ-भाजीतून ते मिळत नाही. आपल्या देशातील डॉक्टरांनी २०१६ साली ४० रुग्णांवर केलेला एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांतील १७ जणांच्या रक्तात बी १२ कमी निघाले. ज्यांच्यात कमी होते त्यांना इंजेक्शन दिल्यावर कानाचा त्रास हलका झाला, ज्यांच्यात पुरेसे होते त्यांना फरक पडला नाही. प्रयोग लहान आहे, त्यावर इमारत उभी करू नये. पण कानासाठी म्हणून अंडी-सुकट सोडणारा माणूस नेमके तेच तर गमावत नाही ना, एवढी शंका घ्यायला तो पुरेसा आहे. अंगात रक्त कमी असले तरीही कानात नाडीच्या ठोक्याबरोबर फुसफुस ऐकू येऊ शकते. आमच्या कितीतरी भगिनींच्या अंगात रक्त कमी असते. त्यांनी कान वाजतो म्हणून जेवण कमी करणे म्हणजे आगीत रॉकेल ओतणे आहे.

चौथी दारू आणि तंबाखू. दारूने आवाज वाढतो असे काही जण सांगतात, काहींना तात्पुरते बरे वाटते. पण दारूची झोप ही पहाटे तीनला मोडणारी झोप, आणि त्या वेळी शांत घरात रातकिडेच सोबतीला असतात. धूम्रपान करणाऱ्यांत कान वाजण्याचे प्रमाण जास्त आढळते. विडी, मशेरी, गुटखा काहीही असो, सोडण्यासारखे काही असेलच तर आधी हे सोडा. सुकट बिचारी निरुपद्रवी आहे.

गोळ्या आणि भुकट्या

आता चौदाशे रुपयांच्या बाटलीकडे येऊ. अशा बाटल्यांत बहुधा गिंको नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क, जस्त आणि जीवनसत्त्वे असतात. गिंकोची परीक्षा इंग्लंडमध्ये एक हजारांहून अधिक रुग्णांवर घेतली गेली आणि २००१ साली निकाल आला. गिंको आणि नुसती खोटी गोळी, दोन्हींचा परिणाम सारखाच. २०१४ साली अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या डॉक्टरांना लेखी सूचनाच दिली की, दीर्घकाळ कान वाजणाऱ्या रुग्णांना गिंको, मेलाटोनिन, जस्त किंवा अन्य पूरक गोळ्या सुचवू नका. २०१६ साली ५३ देशांतील १,७८८ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. पूरक गोळ्या घेणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जणांनी काही उपयोग नाही असे सांगितले, १९ टक्क्यांना बरे वाटले, आणि १० टक्क्यांना आवाज वाढल्यासारखे वाटले.

मग त्या १९ टक्क्यांचे काय? विचार करा, माणूस गोळी आणायला केव्हा धावतो? आवाज सर्वांत जास्त असतो तेव्हा. हा आवाज मुळातच वरखाली होणारा. चढलेला आपोआप उतरतो. तो उतरतो आणि शाबासकी गोळीला मिळते.

या गोळ्या निरुपद्रवी असतात असेही नाही. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर गिंकोने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. जस्त फार दिवस जास्त घेतले तर शरीरातले तांबे कमी होऊन रक्तक्षय होतो. रक्त तपासणीत बी १२, लोह किंवा दुसरे काही कमी निघाले तर डॉक्टर सांगतील तेवढे जरूर घ्यावे. कमी नसताना ओतत राहणे म्हणजे भरल्या हंड्यात पाणी ओतणे.

एका गोष्टीकडे मात्र बहुतेकांचे लक्षच नसते, ती म्हणजे रोजची औषधे. ॲस्पिरिन जास्त प्रमाणात घेतले तर कान वाजतो, बंद केल्यावर सहसा थांबतो. अंगदुखीच्या गोळ्या मूठमूठ खाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. हिवतापावरचे क्विनाइन, जंतुसंसर्गावरची जेंटामायसिन व अमिकासिन ही इंजेक्शने, कर्करोगावरचे सिस्प्लॅटिन यांनी कानाला इजा होऊ शकते. क्षयावर पूर्वी स्ट्रेप्टोमायसिन आणि कॅनामायसिनची इंजेक्शने सर्रास दिली जात. त्यांनी आपल्या वस्त्यांतील किती कान बाद झाले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. औषधाला न जुमानणाऱ्या क्षयासाठी कॅनामायसिन वापरू नये असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितले. मात्र चालू असलेले कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नका. हृदयासाठीची ॲस्पिरिनची लहान गोळी तर मुळीच नाही. डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतील.

ताण: खरा भडका इथे उडतो

तिसऱ्या वर्षी आम्ही कंटाळून एक वही घातली. रोज रात्री शिटीला शून्य ते दहापैकी गुण द्यायचे आणि पुढे तीन रकाने: काय खाल्ले, किती झोपलो, दिवस कसा गेला. दोन महिन्यांनी वही पुढे घेऊन बसलो. तोवर आमची पक्की समजूत होती की वांग्याच्या भरताने शिटी वाढते. वहीत भरत सहा वेळा होते. दोनदा शिटी आठवर, चारदा तीनवर. म्हणजे भरताचा दोष नव्हता. वाईट दिवशी आपण काय खाल्ले ते आठवून आठवून काढतो. चांगल्या दिवशी काय खाल्ले ते कोण आठवत बसतो? आठ-नऊ गुणांचे दिवस मात्र एका ओळीत उभे राहिले. सासऱ्यांना रुग्णालयात ठेवले तो आठवडा. पगार लांबला तो आठवडा. धाकट्याचा दहावीचा निकाल. आणि चार तासांपेक्षा कमी झोप झालेली जवळजवळ प्रत्येक रात्र.

याचे कारण मेंदूतच आहे. आवाज ऐकणारा भाग आणि भीती-काळजी वाटणारा भाग एकमेकांशी जोडलेले असतात. आवाज आला की मेंदू विचारतो, हा धोका आहे का? आपण घाबरून 'हो' म्हटले की तो पहारा वाढवतो. पहारा वाढला की आवाज मोठा वाटतो. मोठा वाटला की झोप जाते, झोप गेली की भीती वाढते. असा हा रहाट फिरत राहतो. ताणात आपण दात आवळतो, मान ताठ धरतो. जबड्याच्या व मानेच्या ताणानेही पुष्कळांचा आवाज कमीजास्त होतो.

हा रहाट थांबवणाऱ्या उपायांत आजवर सर्वांत भक्कम पुरावा आहे तो सीबीटी नावाच्या समुपदेशनाचा. विचार आणि सवयी बदलण्याची ही पद्धत आहे. २०२० साली कॉक्रेन संस्थेने २८ प्रयोग, २,७३३ रुग्ण तपासून सांगितले की, याने आवाजाचा जगण्यावर होणारा त्रास कमी होतो. आवाज स्वतः जात नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. लंडनमध्ये २०१७ साली ७५ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात, सजगतेच्या ध्यानावर आधारलेल्या उपचाराने नुसत्या अंग सैल सोडण्याच्या व्यायामापेक्षा जास्त आराम पडला. श्वासाकडे लक्ष ठेवून बसणे आमच्या वाचकांना नवे नाही. आनापान आपल्या विहारांतून शिकवले जाते. सल्ल सुत्तातील दोन बाणांचा दृष्टांतही अनेकांनी ऐकला असेल. पहिला बाण शरीराला लागतो, दुसरा आपण मनाला मारून घेतो. कानातली शिटी हा पहिला बाण. 'आता माझे कसे होणार' हा दुसरा. पहिला काढता येत नसेल, पण दुसरा मारून घ्यायचा की नाही हे बरेचसे आपल्या हातात आहे.

आता काय करावे?

या भगिनीसाठी, आणि ज्यांच्या घरात कान वाजतो त्या सर्वांसाठी, आमचे सांगणे असे.

पहिले, कान तपासून घ्या. कधी कधी मळाचा खडा निघाला की कान वाजायचा थांबतो. मात्र तो डॉक्टरकडून काढावा. रस्त्यावरचा कानमैल काढणारा, आगपेटीची काडी, हेअरपिन आणि लसूण घालून कढवलेले तेल या चारींना कानाजवळ येऊ देऊ नये. मुंबईत केईएम, नायर, शीव येथील रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ सालापासून श्रवणदोषाचेच काम करते. ऐकण्याची तपासणी करा. सोबत रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी १२ बघा. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने पुष्कळदा आवाजाचा त्रासही हलका होतो, कारण बाहेरचे आवाज पुन्हा आत येऊ लागतात. गरजूंना सवलतीत श्रवणयंत्र देणारी सरकारी योजना आहे, तिची चौकशी तिथेच करा.

दुसरे, काही खुणा दिसल्या तर वाट पाहू नका. अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जा. यात उशिराने कान कायमचा जाऊ शकतो. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, सोबत चक्कर, कान वाहणे किंवा चेहरा वाकडा होणे असेल, तरी तपासणी लांबवू नका.

तिसरे, ताट पूर्ववत करा. डाळ, भाजी, अंडे, मासळी, फळ जे परवडेल ते. एखाद्या पदार्थावर खरोखर शंका असेल तर आधी दोन आठवडे नेहमीसारखे खाऊन वही लिहा. मग तो एकच पदार्थ दोन आठवडे बंद ठेवा, पुन्हा सुरू करा, पुन्हा बंद करा. दोन्ही वेळा फरक दिसला तरच तो तुमचा पदार्थ. एकदम पाच पदार्थ बंद केले तर चोर कोण ते कधीच कळणार नाही. आणि एखाद्याला एखादा पदार्थ खरेच बाधत असेल तर त्याने तो सोडावा, पण शेजाऱ्याला सोडायला लावू नये.

चौथे, रात्री खोली अगदी चिडीचूप ठेवू नका. पंखा, किंवा अगदी हळू लावलेला रेडिओ चालू द्या. आवाज बुडवायचा नाही, त्याला गर्दीत उभे करायचे. झोपायची-उठायची वेळ शक्यतो एक ठेवा.

पाचवे, मनाने माणूस खचला असेल, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येत असेल, तर ते थट्टेवारी नेऊ नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा मोफत क्रमांक २०२२ सालापासून चालू आहे. तिथे मराठीत बोलता येते.

सहावे, उरलेला कान वाचवा. कारखान्यात कानाचे बोळे मागून घ्या, तो आपला हक्क आहे. आवाजामुळे आलेले बहिरेपण कायद्याने कामगारांचा व्यावसायिक रोग मानले आहे. तेव्हा तपासणीचे कागद जपून ठेवा. आणि एक गोष्ट आपल्याच माणसांना सांगायची. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे आपली चिल्लीपिल्ली नाचत असतात. १०० डेसिबलचा आवाज पंधरा मिनिटांत दिवसभराचा वाटा संपवतो. ज्या पोरांना आपण कारखान्याच्या आवाजातून शाळेत आणले, त्यांचे कान आपणच रस्त्यावर घालवायचे का, याचा प्रत्येक मंडळाने विचार करावा.

शेवटी त्या भगिनीला. ताई, तुमच्या घरातला वाद मिटवायचा तर हा अंक त्यांच्या हाती द्या. बाटली संपली की दुसरी आणू नका, ते चौदाशे रुपये मुलीच्या फीकडे वळवा. उद्या सकाळी आल्याचा चहा दोघांनी बरोबर घ्या आणि दुपारी सुकटाची चटणी करा. रातकिडे लगेच जातील असे खोटे आश्वासन आम्ही देणार नाही. आमचे अजून गेलेले नाहीत. पण आता ते अंगणात असतात. घरात आम्ही असतो.

तपासणीत काय निघाले ते अवश्य कळवावे. आम्ही वाट पाहत आहोत.